कॉकपिटातला मळ

चालायच्या ट्रेलवरचा पूल उतरून आम्ही खाली आलो आणि जगन्नाथराव थांबले. हातातला खोका त्यांनी दुसऱ्या हातात घेतला, मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, परत फिरू या का?"

"आता? अर्ध्याच्या वर आलो की आपण."

"म्हणूनच म्हणतो. अर्ध्यातून परत गेलं तर कुणी काही विचारत नाही."

मागून सायकलवाल्याने घंटी वाजवली आणि "ऑन युअर लेफ्ट", डावीकडून जातोय, म्हणून हाक दिली. जगन्नाथराव खोका पोटाशी धरून जागच्या जागी गोल फिरले. मी त्यांची बाही धरून त्यांना गवतावर ओढलं. सायकलवाला गेला. त्यांनी आधी खोका कानाशी नेऊन हलकेच हलवून पाहिला आणि मग कपाळाचा घाम पुसला.

खोका बुटांचा होता. आत जुना टॉवेल, टॉवेलात कापूस आणि कापसात एक विमान, माझ्या वितीएवढं. ते आमच्या हर्नडनहून शेजारच्या रेस्टनला चाललं होतं, नीनाकडे. नीना ही जगन्नाथरावांची एकुलती एक मुलगी. गाडीने गेलो असतो तर हां हां म्हणता पोचलो असतो, पण त्यांना चालतच जायचं होतं. म्हणाले, गाडीत धक्के बसतात. गाडीत विचार करायला वेळ मिळत नाही, हे खरं कारण असावं.

आमचं शनिवारचं चालणं तसं जुनं. कोविडच्या वेळी घरात बसून कंटाळलेली आम्ही काही मराठी माणसं ट्रेलवर चालायला लागलो होतो. मग एकेक जण गळत गेला. आमच्या ह्यांचे गुडघे धरले, कुणाला नातवंडं झाली. जगन्नाथरावांची बायको दीपा तर पहिल्याच आठवड्यात गळली. ती म्हणते, "मला जिथे जायचं तिथपर्यंत गाडी जाते. मग पायांना कशाला त्रास?" शेवटी उरलो आम्ही दोघं. जगन्नाथराव फार बोलत नाहीत, आणि चालताना मनातल्या मनात माझं नाम चालू असतं, त्यामुळे आमचं बरं जमतं.

सत्तरीला आलेला, बारीक अंगाचा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावणारा माणूस. मूळचे अकोल्याचे. बी. कॉम. झालेले. बहिणीने स्पॉन्सर केलं म्हणून इकडे आले आणि आल्यावर पहिली नोकरी मिळाली ती इथल्या डलस विमानतळावर, विमानं आतून साफ करायची. तात्पुरती म्हणून धरली आणि तिथूनच रिटायर झाले. शेवटी शेवटी सुपरवायझर होते, पण फडकं काही त्यांनी खाली ठेवलं नाही. ह्यात त्यांना ना लाज ना अभिमान. कुणी विचारलं की सरळ सांगतात, "मी हजारो विमानांत गेलोय. उडालो मात्र मोजक्या वेळा."

कॉकपिटही तेच साफ करायचे. बटणांना हात लावायचा नाही, बाकी सगळं पुसायचं, असा नियम. एकदा चालता चालता त्यांनी मला सांगितलं होतं, की पायाच्या पेडलांखाली टाचांचा काळा डाग पडतो. पट्ट्याच्या बकलाच्या खाचेत कॉफी आणि साखर बसते. जो खटका सारखा वापरतात त्याच्याभोवती बोटाच्या तेलाचं कडं धरतं. "प्रत्येक पायलटचा मळ वेगळा असतो, वहिनी," ते म्हणाले. मी म्हटलं, "आमच्याकडे देवाच्या पितळेच्या घंटेचं तसंच. मी वाजवली की मुठीची जागा चकचकते, सूनबाईने वाजवली की दांडा." त्यांना ते पटलं. बराच वेळ मान हलवत चालले.

रिटायर झाल्यावर काय करायचं, हा प्रश्न नीनाने सोडवला. ती तेव्हा विमान चालवायला शिकवायची, मॅनासस बाजूच्या एका छोट्या शाळेत. बाबांच्या वाढदिवसाला तिने प्लास्टिकच्या विमानाचा एक संच आणून दिला. तुकडे जोडायचे, रंगवायचे. "बाबा, आता एक तरी प्लेन तू बनव. आत्तापर्यंत दुसऱ्यांचीच पुसलीस," असं म्हणाली. तेव्हापासून त्यांच्या बेसमेंटमध्ये टेबल लागलं, दिवा लागला, भिंग आलं. महिन्यातून एकदा लायब्ररीच्या खोलीत असली विमानं करणाऱ्यांचा क्लब भरतो, तिथेही जायला लागले. बहुतेक गोरे म्हातारे. ह्यांना ते जॅग म्हणतात.

विमान जोडणं त्यांना पटकन जमलं. अडलं ते कॉकपिटात. झालं असं, की नवं प्लास्टिक रंगवलं की ते खेळण्यासारखं दिसतं. खरं दिसायला हवं तर त्याला वापरल्याची कळा आणावी लागते. त्यासाठी वॉश म्हणून एक प्रकार असतो. काळपट तपकिरी ऑइल पेंटचा मोहरीएवढा ठिपका घ्यायचा आणि त्यात इतकं थिनर घालायचं की तो रंग उरत नाही, मळकं पाणी होतं. खालचा रंग आधी सुकवून त्यावर चकचकीत वार्निशचा हात दिलेला असतो, म्हणजे खालचं बिघडत नाही. मग बारीक ब्रशचं नुसतं टोक कोपऱ्याला टेकवायचं. ते पाणी आपलं आपण फटीफटीतून धावत जातं. जरा वाळलं की कानात घालायच्या कापसाच्या काडीने वरचं वरचं टिपायचं आणि खाचेतलं तसंच राहू द्यायचं. झाला मळ.

दीपाला ह्याचा फार राग. पहिल्यांदा तिला कळलं तेव्हा मी तिथेच बसले होते.

"नाव वॉश आणि काम मळवायचं," ती म्हणाली. "घरातलं सिंक घासा म्हटलं तर ह्यांची कंबर धरते. आणि तिथे खाली बसून धुतलेल्या विमानाला घाण लावतात. आणि कशात कालवतात माहीत आहे का? माझ्या चटणीच्या वाटीत."

"ती वाटी तू टाकणार होतीस," जगन्नाथराव म्हणाले.

"टाकणार होते. तुम्हाला देणार नव्हते."

पण खरी गंमत पुढेच झाली. जगन्नाथराव वॉश लावायचे छान. टिपायला काडी हातात घेतली की मात्र त्यांचा हात थांबायचा नाही. वरचं टिपायचे, मग कड टिपायचे, मग खाच दिसली की काडीचं टोक चोखून बारीक करून खाचसुद्धा साफ करायचे. त्यांना कळायचंसुद्धा नाही. आयुष्यभर हाताला तेच वळण. वर येऊन म्हणायचे, झालं, आणि आम्ही भिंगातून बघावं तर कॉकपिट कालच कारखान्यातून आल्यासारखं. क्लबातले एक आजोबा म्हणे दर वेळी विचारायचे, "जॅग, तुझी विमानं रोज कार वॉशमधून येतात का?" तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. टिपायचं काम डाव्या हाताने करायचं. डाव्या हाताला पुसायची सवय नाही, तो अर्धवटच टिपतो. तेव्हापासून त्यांची कॉकपिटं खरी दिसायला लागली.

आता नीनाचं सांगते.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तिच्या घरी दात घासता घासता तिला फीट आली. मैत्रीण राहायला होती म्हणून लगेच कळलं. तपासण्या झाल्या, डोक्यात वाईट काही निघालं नाही, औषधं सुरू झाली. परत एकदा आली, मग नाही. पण पायलटला दर ठरावीक काळाने डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, आणि फीट आली की ते जातं. बरीच वर्षं तरी नाही, कदाचित कधीच नाही, असं तिला सांगितलं गेलं. तिने शाळेच्या किल्ल्या परत केल्या. आता एका कंपनीत मालवाहतुकीचं वेळापत्रक लावायचं काम करते, घरून. काही महिने तिला गाडीसुद्धा चालवायला बंदी होती.

आणि दीपा तिला एकच गोष्ट सांगत राहिली. "देवाची कृपा समज. जमिनीवर झालं. वर असतीस तर?" दीपाने हे पहिल्या दिवशी म्हटलं तेव्हा तिच्याबरोबर मीही हात जोडले. अजूनही मला ते खरंच वाटतं. पण दीपा ते प्रत्येक वेळी म्हणायला लागली. पोळी वाढताना, फोन ठेवताना, गाडीत बसताना. नीनाचं येणं कमी होत गेलं. यंदा दसऱ्याला आली, जेवायला बसली, आणि दीपाने पुरणाची पोळी वाढताना परत तेच म्हटलं तशी ती उठली आणि हात धुऊन निघून गेली. बेसमेंटकडे तर ती दोन वर्षांत फिरकली नव्हती. बाबांची विमानं दिसली की तिचा चेहरा बंद होतो.

अशा मुलीकडे हा माणूस खोक्यात विमान घेऊन चालला होता. तेसुद्धा कुठलंही नाही. दोनच जण बसतील अशा ज्या छोट्या सेस्ना विमानात ती शिकली आणि पुढे शिकवायला लागली, तेच. शेपटीवरच्या नंबरासकट.

पूल मागे टाकल्यावर एक बाक लागतो. तिथे आम्ही बसलो. त्यांनी खोका मांडीवर घेतला, झाकण उघडलं आणि टॉवेल बाजूला केला. त्या विमानाचा पंख वरच्या बाजूला असतो, छपरासारखा. तो त्यांनी चिकटवला नव्हता. दोन बोटांनी डबीचं झाकण उचलावं तसा उचलला. आत दोन सुपाऱ्या मावतील एवढी जागा. त्यात दोन सीटा, पेडलं, दांड्या, समोर वेग-उंचीच्या घड्याळांची पाटी. डावीकडच्या सीटखाली टाचांचे दोन बारीक काळे डाग. सीटच्या कडेला रंग गेलेला. हे सगळं मला भिंगाशिवाय अर्धंच दिसलं, पण दिसलं तेवढं खरं होतं.

"डावीकडे पायलट बसतो," ते म्हणाले. "तिने मला एकदा फिरवून आणलं होतं. ती डावीकडे, मी उजवीकडे. मी सारखा तिच्या पायांकडे बघत होतो. ते डोळ्यांपुढे ठेवून केलंय." मग पाटीच्या कोपऱ्याकडे ब्रशएवढं बारीक बोट केलं. "आणि इथे बघा."

फटीत जरासा गुलाबी रंग होता.

"कुंकू?" मी म्हटलं.

"घरचंच. करंड्यातलं. वॉशमध्ये चिमटीभर कालवलं."

ती गोष्ट मला माहीत होती. नीना पहिल्यांदा एकटी विमान घेऊन उडाली, त्या दिवशी दीपा तबक घेऊन विमानतळावर गेली होती. नवी गाडी आली की आपण करतो तशी विमानाची पूजा केली. शाळेचा मालक भला माणूस, त्याने फक्त एवढंच सांगितलं की नारळ पंख्यापासून लांब फोडा. दीपाने तो पार्किंगमध्ये फोडला. पण तोवर तिने आत हात घालून घड्याळांच्या पाटीवर हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. पाटीच्या फटीत शिरलेलं कुंकू मग काही केल्या निघेना. नीनाच्या मैत्रिणी त्या विमानाला पुढे पिंकी म्हणायच्या.

"तिला वाटेल मी चेष्टा करतोय," जगन्नाथराव म्हणाले. "किंवा जखमेवर बोट ठेवतोय. दीपा तोंडाने करते ते मी ब्रशने केलं, असंही म्हणेल. रागावली तर रागावू दे. पण येणं होतं तेवढंही बंद केलं तर, वहिनी?"

मी मनात दत्ताचं नाव घेतलं आणि म्हटलं, "पंख लावा वरती. धूळ जाईल."

"गेली तर बरंच आहे," ते म्हणाले, आणि आम्ही उठलो.

नीनाचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार उघडताच तिने बाबांना नमस्कारासारखं काहीतरी केलं, मला मिठी मारली. "मावशी, तू एवढं चाललीस? माझ्या बाबाने तुला टॉर्चर केलं." घर नीटनेटकं होतं. खिडकीत तुळस होती, मीच दिलेली, माझ्या तुळशीपेक्षा उंच झालेली. भिंती मात्र रिकाम्या. खिळे होते, फोटो नव्हते.

तिने चहा केला, आपल्या पद्धतीचा, आलं घालून. जगन्नाथराव हवेबद्दल बोलले. मग पानांच्या रंगाबद्दल. मग परत हवेबद्दल. खोका टेबलावर मध्येच.

"बाबा, शूज आणलेस का मला?" तिने विचारलं.

"नाही. म्हणजे, खोका शूजचा आहे."

"उघड ग," मी म्हटलं. "नाहीतर हे संध्याकाळपर्यंत हवामान सांगतील."

तिने उघडलं. टॉवेल बाजूला केला आणि तिचे हात थांबले. शेपटीवरचा नंबर तिला दिसला असणार. विमान तिने बाहेर काढलं नाही. नुसती बघत बसली. जगन्नाथराव माझ्याकडे बघायला लागले, मी चहाकडे.

"पंख निघतो," ते अगदी हळू म्हणाले.

तिने पंख उचलला. खिडकीशी गेली, उजेडात धरलं, डोळ्याजवळ नेलं. बराच वेळ गेला. जगन्नाथरावांना राहवेना. "आवडलं नसेल तर सांग. मी परत नेतो. क्लबात एक जण मागतोच आहे. तुला त्रास व्हावा म्हणून नाही ग केलं, मी फक्त…" मी त्यांच्या पायावर पाय ठेवला.

"हे आईचं कुंकू आहे?" नीनाने विचारलं. पाठ आमच्याकडेच होती.

"हो."

तिचे खांदे हलले. मला वाटलं रडतेय. वळली तेव्हा हसत होती आणि डोळ्यांत पाणीही होतं, दोन्ही. "तुला माहीत आहे का बाबा, शाळेत त्यांनी मला ते टूथब्रशने साफ करायला लावलं होतं. पूर्ण संध्याकाळ. निघालंच नाही." मग परत डोळ्याजवळ नेलं आणि तिचं हसणं गेलं. "पण हे चूक आहे."

"काय?"

"दॅट्स नॉट माय सीट."

जगन्नाथरावांचा चेहरा पडला. पुढचं ती बहुतेक इंग्रजीतच बोलली, मी मला समजलं तसं लिहिते. ती म्हणाली, डावीकडे शिकणारा बसतो. शिकवणारा उजवीकडे. तू आलास तेव्हा मी तुला फिरवत होते म्हणून डावीकडे होते. पण त्यानंतर रोज मी उजवीकडे बसले. डावीकडची ही घाण माझी नाही, माझ्या विद्यार्थ्यांची आहे. सगळे टाचा घासायचे. मी ओरडायचे त्यांना.

"आणि उजवीकडे तू सगळं स्वच्छ ठेवलंयस," ती म्हणाली. "जसं काही तिथे कुणी बसतच नव्हतं."

जगन्नाथराव उठले, तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी वाकून आत बघितलं. आवाज एकदम कामाचा झाला. "मग उजवीकडे कुठे कुठे?"

"टाचा नाहीत. मी पाय पेडलांपासून जरा मागे ठेवायचे. म्हणजे इथे, जमिनीवर, अख्खा तळवा."

"बरं. आणि हात?"

"उजवा कोपर दाराच्या ह्या कडेला. आणि डावा…" ती थांबली. मग विमान टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि खरंच बसून दाखवलं. डावा हात पुढे, टेबलाच्या कडेखाली. "पॉवरच्या दांडीवर शिकणाऱ्याचा हात असतो. माझा हात त्याच्याजवळ दिसला की त्याला वाटतं आपण चुकतोय, आणि मग तो खरंच चुकतो. म्हणून मी हात पाटीच्या खाली धरायचे. लपवून. त्याला दिसणार नाही, पण लागला तर लगेच वर येईल. आणि टेन्शन आलं की अंगठा पाटीच्या खालच्या कडेवर घासायचे. असा." तिचा अंगठा टेबलाच्या कडेवर फिरत होता. "तिथला रंग गेला होता. त्या प्लेनमध्ये ती एकच जागा माझी होती. वाकून बघितलं तरच दिसायची."

"रंग गेला म्हणजे काळं की चमक?"

"चमक. एकदम गुळगुळीत."

"मग तिथे वॉश द्यायचा आणि सगळा पुसून काढायचा," जगन्नाथराव म्हणाले. "परत द्यायचा, परत पुसायचा."

"ते तुला जमेल," नीना म्हणाली, आणि आम्ही तिघेही हसलो.

त्यानंतर ती बोलतच राहिली. एक विद्यार्थी उतरताना डोळे मिटायचा, त्याचं सांगितलं. एका बाईने सत्तराव्या वर्षी शिकायला सुरुवात केली, तिचं सांगितलं. दोन वर्षांत तिच्या तोंडून विमान हा शब्द मी ऐकला नव्हता. चहा निवून गेला, तिने परत गरम केला, तो परत निवला. जगन्नाथराव मध्ये मध्ये एवढंच विचारायचे, की कोपर ह्या कडेला की त्या, पट्टा कुठे घासायचा, पाण्याची बाटली कुठे असायची.

निघताना तिने विमान परत टॉवेलात ठेवलं आणि खोका त्यांच्या हातात दिला. "हे घेऊन जा. ब्रश तिकडेच आहेत ना, बेसमेंटमध्ये?"

"तिकडेच."

"शनिवारी येते मी. अंगठ्याची जागा मी करीन. तू पुसून टाकशील, पण नेमकं कुठे ते तुला कळणार नाही." मग दाराची कडी हातात धरून तिने विचारलं, "आई असेल घरी?"

"घर तिचंच आहे ग," ते म्हणाले.

"हो, ते आहेच." ती पायांकडे बघत होती. "बघते मग. फोन करते."

एवढ्यावर दार बंद झालं.

परत येताना उन्हं तिरपी झाली होती. जाताना खोका पोटाशी धरला होता तो आता काखेत होता, आणि चाल अशी की मला धाप लागायला लागली. मी हळू चला म्हणून दोनदा सांगितलं, तेवढ्यापुरते हळू झाले. बाक आला तरी बसले नाहीत. पूल चढून वर आलो तेव्हा एकदम म्हणाले, "फोन करते म्हणाली. नाही येणार."

"येईल हो."

"दीपा असेल तर नाही येणार. आली तर खाली बसेल, आणि दीपा चहा घेऊन खाली येईल. तिला राहवणार नाही, आणि कुणी म्हणावं की का राहवत नाही? मुलीच्या हातात विमान बघितलं की ती पहिलं वाक्य तेच बोलेल." कठड्याला टेकून उभे राहिले. खालून गाड्या जात होत्या. "दीपाचं चुकतं असं मी म्हणत नाही, वहिनी. तिला मुलगी वाचलेली दिसते. मला पण दिसते, मी काय आंधळा आहे? हॉस्पिटलात मी पण तेच म्हटलं होतं. पण पोरीला आज बसायचंय उजवीकडच्या सीटवर. थोडा वेळ बसू दे."

"दीपाला तुम्हीच सांगा ना तसं. ऐकेल ती."

"ऐकेल. आणि मग गप्प बसेल. दीपा गप्प बसलेली नीनाला लगेच कळते. त्यापेक्षा बोललेली बरी."

हे काही खोटं नव्हतं. दीपा माझी मैत्रीण आहे, तिचं गप्प बसणं मलाही ठाऊक आहे. भिंतीपलीकडूनही ऐकू येतं. पण नीना येणार ते तिच्यापासून लपवायचं त्यांच्या मनात दिसत होतं. मला तसलं जमत नाही, आणि त्यांनाही ते ठाऊक असावं. जरा वेळ ते खोक्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोटं बोला असं नाही म्हणत. विचारलंच दीपाने, तर खरं सांगून टाका. फक्त नसेल विचारलं तर आपणहून काढू नका. पुढच्या शनिवारी सकाळी दीपाला देवळात घेऊन जाल का? अभिषेक करा, प्रदक्षिणा घाला, नंतर जेवायला तुमच्याकडेच ठेवून घ्या. आणि मी फोन केल्याशिवाय तिला घरी सोडू नका."